घट तुमची, केर आमचा

सोन्याचं बिल हाती आलं की आपण दोनच गोष्टी वाचतो. वर भाव आणि खाली बेरीज. मधल्या ओळी वाचायची छाती होत नाही. २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमने लाखाचा आकडा ओलांडला तेव्हापासून तर बेरीज वाचायचं धाडसही फक्त वधूपित्यांकडे उरलं आहे, कारण त्यांना इलाज नाही.

पण त्या मधल्या ओळींत घडणावळ असते आणि घडणावळीत नाहीतर तिच्या शेजारी घट असते. दागिना घडवताना कानस चालली, करवत चालली, पॉलिश झालं. त्यात सोन्याचा थोडा कीस उडाला. तो उडालेला कीस तुमच्या खात्यावर. नक्षीकाम बारीक असेल तर घट जास्त. ग्राहक मान डोलावतो. सोनं उडालं म्हणतात तर उडालंच असेल.

कुठे उडालं, हे कोणी विचारत नाही.

काळबादेवी-भुलेश्वरच्या एखाद्या जुन्या माडीवर चढून बघा. अंधारा जिना, वर एक कोंदट खोली, तीत सात-आठ कारागीर बुटक्या मेजांपाशी मांडी घालून बसलेले, बहुतेक बंगालकडचे. मेजाला पुढून खण असतो, कानशीखालचा कीस त्यात पडतो. खणाबाहेर गेला तर चटईवर, चटईबाहेर गेला तर फरशीवर. संध्याकाळी खोली झाडतात तेव्हा तो केर कचऱ्याच्या टोपलीत जात नाही. तो डब्यात जातो आणि डबा कपाटात जातो. कारागीर घरी निघण्याआधी हातपाय धुतात ते पाणी मोरीत सोडत नाहीत, पिंपात धरतात. गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद काढून टाकतात. घाम पुसायचं फडकं, मळलेला पंचा, झिजलेली केरसुणी, पॉलिशच्या मशीनमागची धूळ, तडा गेलेल्या मुशी, सगळं जपून ठेवायचं आणि एक दिवस जाळून राख करायची. जागा बदलायची वेळ आली तर फरशीसुद्धा उखडून नेतात. आपण घर सोडताना फार तर पंखे काढतो.

त्या राखेत, गाळात, केरात सोनं असतं. ज्याची घट तुम्ही भरलीत तेच. पण केराचा मालक कारखान्याचा शेठ. घेणारा येतो, मूठभर नमुना जाळून पाहतो, कस लावतो आणि बोली करतो. म्हणजे एकच कीस दोनदा विकला गेला: एकदा तुम्हाला, हरवला म्हणून; एकदा केरवाल्याला, सापडला म्हणून. पुढे अडीनडीला तोच दागिना मोडायला नेलात की पुन्हा घट कापतात. तोळासुद्धा एकेकाळी ११.६६ ग्रॅमचा होता, बाजाराने बोलता बोलता तो १० चा केला. एवढी घट गिऱ्हाईक हसत हसत सोसतं असा दुसरा धंदा मला ठाऊक नाही. निवडणूक धरली तर एक.

*

सोनाराचा केर नि राख धुऊन त्यातून सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. केर जाळायचा, राख कुटायची, चाळायची, पाण्यात फिरवायची. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. तळच्या गाळात पारा घालून चोळायचं. पारा सोन्याला मिठी मारतो. मग फडक्यातून पिळायचं आणि उरलेला गोळा तापवायचा, की पारा उडून जातो.

हाही उडालाच. फक्त याची घट बिलात दाखवत नाहीत, कारण तो ज्याच्या छातीत जाऊन बसतो त्याला बिल द्यायची पद्धत नाही.

मुंबईत झारेकऱ्याचा एक गरीब चुलतभाऊ आहे, घमेलेवाला. झवेरी बाजाराची शटर वर जाण्याआधी पहाटे तो केरसुणी आणि घमेलं घेऊन येतो, रस्ता झाडतो, गटाराच्या तोंडाशी हात घालून गाळ काढतो आणि घमेल्यात हलवत बसतो. दिवसभराच्या खटपटीला चिमूटभर सोनं लागलं तर नशीब.

आता जरा पालिकेकडे बघा. मुंबईत दरसाल नालेसफाईची कोट्यवधींची टेंडरं निघतात. मग गाळाचे फोटो, गाळाचे व्हिडिओ, वजनकाट्याच्या पावत्या, पहिला पाऊस, तुंबलेले रस्ते आणि चौकशी. त्याच शहरात एक गटार असं आहे की ते उपसायला माणसं आपणहून येतात, पहाटे येतात, बिल लावत नाहीत आणि गाळ खरोखरच घेऊन जातात. अभियंत्यांना अभ्यासदौऱ्यावर पाठवायचंच असेल तर सिंगापूरचं तिकीट कशाला? मरीन लाइन्सला उतरलं तरी चालेल.

*

केरातून निघालेलं आणि मोडीत आलेलं सोनं शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. या धंद्यात सबंध हिंदुस्थानात मराठी माणसाचा झेंडा आहे, आणि मराठी माणसालाच त्याचा पत्ता नाही. सांगलीतले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे माण आणि खटाव. पावसाने पिढ्यानपिढ्या तोंड फिरवलेला मुलूख. रानात काही पिकेना म्हणून इथली पोरं बाहेर पडली आणि देशभरातल्या सराफ कट्ट्यांच्या मागच्या बोळात भट्टी लावून बसली. त्रिशूरला जा, कोइम्बतूरला जा, उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गावात जा, सराफ बाजारात कुठेतरी खानापूर-विट्याकडची मराठी कानावर येतेच. आपण मात्र 'मराठी माणूस धंद्यात मागे' या विषयावर परिसंवाद भरवतो आणि सराफाचे दिवाणखाने बघून परत येतो. मागच्या बोळात कोण जातो?

आमच्या ओळखीचे एक अण्णा असेच. दुकान तमिळनाडूत, बंगला गावाकडे. बंगल्याला दोन मजले, पुढे खांब, वर कळस म्हणावा अशी पाण्याची टाकी. तो उघडतो गावच्या जत्रेला. बाकीचं वर्ष बंगल्यात राखणदार राहतो आणि अण्णा भट्टीमागच्या खोलीत.

"अण्णा, गलाईत अवघड काय असतं?"

"सोनं लय सरळ हाय ओ. त्याच्यातनं बाकीचं काढायचं, झालं."

बाकीचं काढायची रीत मात्र वाकडी आहे. शुद्ध करायच्या सोन्यात आधी चांदी मिसळतात! एक भाग सोनं, तीन भाग चांदी झाली की तेजाब, म्हणजे शोऱ्याचं आम्ल, आतपर्यंत शिरतं. नाहीतर वरवर चाटून थांबतं. हे मिश्रण वितळवून पाण्यात ओतलं की लाह्यांसारखे दाणे होतात. ते तेजाबात उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळतं, लालसर तपकिरी धुराचे लोट उठतात आणि भांड्याच्या बुडाशी उरतो तपकिरी चिखल. कोणाला दाखवला तर पाय पुसून निघून जाईल असा. तेच सोनं. धुऊन, वाळवून, टांकणखार टाकून मुशीत वितळवलं की त्याला आपला रंग आठवतो.

सोनं झालं. आता उरलेलं पाणी. त्यात तांब्याचा पत्रा सोडतात. चांदी भुकटी होऊन खाली बसते आणि तांबं विरघळून पाणी निळं होतं. त्या निळ्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकला की तांबंही परत मिळतं. बघा, कसं काटेकोर काम आहे. सोनं गेलं नाही, चांदी गेली नाही, चार पैशांचं तांबंही गेलं नाही. शेवटी उरतं आम्लाचं पाणी. त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते गटारात.

आणि धुराला तर गटाराचीही गरज नाही. नायट्रोजन डायऑक्साइड हा मोठा सभ्य वायू आहे. श्वासातून जास्त गेला तरी माणूस थोडं खोकतो, डोळे पुसतो, जेवायला घरी जातो. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे तक्रार करायची वेळ येते तोवर दुकानाला कुलूप लागलेलं असतं.

अण्णांना मास्कचं विचारलं.

"बायको बी हेच म्हनती. लावला हुता की करोनात. पर मास्कात धूर कळत न्हाई, आन् धूर थांबल्यालं कळलं न्हाई तर भांडं उतरवायचं कवा?"

उत्तर चोख आहे. तपकिरी धूर थांबला की आम्लाचं काम संपलं, ही गलाईची खूण. आपल्याकडे यंत्रं महाग असतात, नाक स्वस्त.

आता खरी गंमत ऐका. हे शोऱ्याचं आम्ल कारखान्यात कसं होतं? अमोनिया आणि हवा यांचं मिश्रण प्लॅटिनम-रोडियमच्या तापलेल्या बारीक जाळ्यांतून सोडतात. आपल्या ट्रॉम्बे-तळोज्याच्या पट्ट्यातही हे आम्ल बनतं. त्या तापात जाळी झिजते आणि टनभर आम्लामागे ग्रॅमचा लहानसा अंश एवढं प्लॅटिनम वायूबरोबर निघून जातं. एवढीशी घट! पण कंपनीला ती सहन होत नाही. म्हणून त्या जाळ्यांखाली पॅलेडियमच्या दुसऱ्या जाळ्या बसवतात, उडालेलं प्लॅटिनम धरायला. झिजलेल्या जाळ्या शुद्धीकरणाला जातात, बंद पेटीत, वजन करून, विमा उतरवून.

तेच आम्ल पुढे कॅनमधून अण्णांच्या खोलीत येतं. तिथे जे उडतं ते धरायला पॅलेडियमची जाळी नाही. अण्णा आहेत, त्यांचा मेहुणा आहे आणि गावाकडून नुकताच आणलेला, बारावीत अडकलेला भाचा आहे.

*

सरकारला या धंद्याची आठवण अधूनमधून येते. १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंना आली होती. सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. देशभरचे सोनार एका रात्रीत बेकार झाले आणि सोन्याची तस्करी मात्र भरभराटीला आली. १९६८ साली नीट कायदा केला, १९९० साली तो रद्द केला. मधल्या काळात लोकांच्या मनातलं सोनं एका कॅरेटनेही उतरलं नाही.

कायदा गेला, संशय राहिला. मोडीच्या सोन्यावर मालकाचं नाव नसतं. चोर सापडला आणि त्याने बोट दाखवलं की पोलीस गलाईवाल्याच्या दारात. पूर्वी दंडसंहितेचं कलम ४११, आता न्याय संहितेचं ३१७. चोरीचा माल घेणं. एरवी आरोपीच्या शब्दावर काडीचा विश्वास न ठेवणारी यंत्रणा या एका प्रसंगी मात्र चोराचं म्हणणं वेदवाक्य मानते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस काय करणार? जेवढं मागतील तेवढं सोनं काढून देतो आणि वहीत लिहितो, घट.

धुराचीही आठवण येते, पण ती हवामानानुसार. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडली, वर्तमानपत्रांत नकाशे लाल झाले आणि पालिकेचं पथक काळबादेवीत सोनं-चांदी वितळवणाऱ्यांची धुराडी पाडायला निघालं. तिथल्या रहिवाशांनी त्या धुराबद्दल वर्षानुवर्षं टाहो फोडला होता, त्यांची तक्रार सोळा आणे खरी. धुराडी बेकायदा होती हेही खरं. पण धुराडं पाडलं म्हणजे भट्टी विझते, हा शोध कोणी लावला? धूर आधी पाचव्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या खिडकीत जायचा, आता दुसऱ्या मजल्यावरच्या कारागिराच्या तोंडावर येणार. भट्टीला पर्यायी जागा द्यायची, धूर धुणारं यंत्र लावायला भाग पाडायचं, वर्षभर तपासणी करायची, हे कंटाळवाणं काम. त्यापेक्षा हातोडा बरा, त्याचा फोटो चांगला येतो.

*

सोन्याच्या नादात प्लॅटिनमला विसरायला नको. मारुतीची इको गाडी ज्यांच्याकडे आहे ते विसरणारच नाहीत.

दूध, भाजी, शाळेची पोरं, जत्रेचं वऱ्हाड, काहीही वाहणारी गरिबाची गाडी ती. काही वर्षांपूर्वी पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये आणि गुजरातेतही मालकांना एक नवाच अनुभव यायला लागला. सकाळी चावी फिरवावी तर गाडी वाघासारखी डरकाळते. खाली वाकून बघावं तर सायलेन्सर गायब. टेप शाबूत, बॅटरी शाबूत, डिझेल चोरायच्या जमान्यात चोराने नेलं काय, तर धुराचं नळकांडं!

चोर वेडा नव्हता, तो बाजारभाव वाचत होता. त्या नळकांड्यात धूर शुद्ध करणारा एक डबा असतो. त्याच्या आत चिनीमातीचं जाळीदार पोळं आणि पोळ्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा हात फिरवलेला. मार्च २०२१ मध्ये सोनं औंसाला सतराशे डॉलरच्या आसपास होतं तेव्हा रोडियम २९ हजारांच्या वर गेलं होतं. सतरा पट! एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं, धुराचे नियम कडक झाले, डब्याचं महत्त्व वाढलं. पोलिसांच्या पत्रकांत चोरीच्या ऐवजाचं वर्णन 'सायलेन्सरमधली माती' असं यायचं. उभ्या महाराष्ट्रात लोक माती विकून गब्बर झालेत, पण ही माती किलोवर, हजारोंनी जात होती.

एका अर्थी हे चोर म्हणजे पुनर्चक्रीकरण क्षेत्रातले आद्य उद्योजकच. कच्चा माल ओळखला, संकलनाची साखळी उभारली, शुद्धीकरणवाल्यापर्यंत पोचवला. फक्त एक टप्पा त्यांनी गाळला, गाडी भंगारात जायची वाट बघण्याचा.

*

आता तुमच्या टेबलाच्या खणाकडे येऊ. त्यात किमान दोन बंद मोबाइल आहेत, नाही म्हणू नका. एक 'दुरुस्त केला तर चालेल' म्हणून आणि दुसरा 'फोटो आहेत त्यात' म्हणून.

एका फोनमध्ये सोनं असतं साधारण तीस-पस्तीस मिलिग्रॅम. ऐकायला क्षुल्लक. पण टनभर फोन गोळा केले तर सुमारे तीनशे ग्रॅम होतं, आणि कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीत टनभर दगड फोडून हाती येतं ते एकेरी ग्रॅममध्ये. कोलारची खाण तर २००१ साली बंदच झाली. म्हणजे देशातली सर्वांत श्रीमंत खाण आपल्या खणांत पडून आहे आणि खाणमालक तिच्यावर जुने चार्जर ठेवतो.

हा माल निघतो कसा, ते मुरादाबादने दाखवून दिलं. पितळेच्या भांड्यांचं गाव. धातू ओळखणारे हात घरोघरी, भट्ट्या घरोघरी. देशभरचे सर्किट बोर्ड तिथे पोचले. जाळायचे, राख दळायची, धुवायची, धातू वेगळा करायचा. उरलेली काळी भुकटी रामगंगेच्या काठी. राष्ट्रीय हरित लवादाने कान उपटले, तेव्हा प्रशासनाला नदीकाठी काहीतरी काळं पडलंय हे दिसलं. लवाद दिल्लीत आणि काळी भुकटी मुरादाबादेत; आधी कोणाला दिसायला हवी होती?

यावर इलाज म्हणून नियम झाले. २०२२ चे ई-कचरा नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यांचा गाभा साधा आहे: ज्याने वस्तू बाजारात आणली त्याने तेवढा कचरा निस्तरावा. आता कंपनी स्वतः थोडीच बोर्ड विरघळवत बसणार? नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्र तयार करायचं आणि कंपनीने ते विकत घ्यायचं. पूर्वी यजमानाऐवजी भटजी जप करायचे, दक्षिणा दिली की पुण्य यजमानाच्या खात्यावर. व्यवस्था जुनीच आहे, फक्त पोर्टल नवीन.

दक्षिणा किती, यावर भांडण कोर्टात गेलं. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्ससाठी सरकारने किलोला किमान २२ रुपये ठरवले, तर सॅमसंग, एलजी यांच्यासारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात, हे फार होतं म्हणून. लाखभराचा टीव्ही विकणाऱ्यांना किलोला २२ रुपये डोईजड झाले. भंगारवाला दारात रद्दीवरून घासाघीस करतो तेव्हा आपण त्याला हलकट म्हणतो, बिचारा निदान वकील तरी आणत नाही.

आणि प्रमाणपत्राचं पुण्य खरं की खोटं? प्लॅस्टिकच्या बाबतीत याच मंडळाने २०२३ मध्ये तपासलं तर गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार कारखान्यांनी मिळून सहा लाख बोगस प्रमाणपत्रं काढलेली निघाली. प्लॅस्टिक वितळलंच नव्हतं, कागद मात्र छापून झाले होते. कचऱ्यातून सोनं काढण्याच्या जगभरातल्या सगळ्या पद्धतींमध्ये ही सर्वांत स्वच्छ. धूर नाही, आम्ल नाही, कचराही नाही.

जग काही फार पुढे आहे असं समजू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद आहे. उरलेला कुठेतरी उडाला.

तरी काही ठिकाणची माणसं चिकट. जपानने टोकियो ऑलिंपिकची पदकं लोकांच्या जुन्या वस्तूंतून केली. सुमारे ७९ हजार टन उपकरणं, त्यात ६२ लाखांवर मोबाइल. निघालं ३२ किलो सोनं, साडेतीन टन चांदी. नीरज चोप्राच्या गळ्यात पडलं ते पदक कोणा जपानी आजोबांच्या फोनमधून आलंय. अर्थात ऑलिंपिकचं सुवर्णपदक मुळात चांदीचं, वर सहा ग्रॅमचा मुलामा. सराफाने असं विकलं असतं तर आपण ग्राहक मंचात गेलो असतो.

त्याच जपानात सुवा नावाच्या गावी सांडपाण्याच्या गाळाची राख तपासली तर टनामागे १,८९० ग्रॅम सोनं निघालं, आसपासच्या कारखान्यांची कृपा. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली शास्त्रज्ञांनी हिशेब केला की देशाच्या मैलापाण्यातून वर्षाला ४३ किलो सोनं आणि तीन टन चांदी वाहून जाते. या बातम्या वाचून आपल्याकडच्या एखाद्या नगरसेवकाला स्फुरण चढलं असेल तर सबुरीने घ्या. राख मिळायची तर गाळ लागतो, गाळ मिळायचा तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पोचावं लागतं. आपलं अजून नदीशी थेट बोलतं.

*

आता एक खबर. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. यंत्रसामग्रीवर २० टक्के अनुदान, आणि लहान नि नव्या उद्योगांसाठी एक तृतीयांश रक्कम राखून ठेवलेली. मी मोठ्या उत्साहाने अण्णांना फोन लावला. राखीव म्हटलं की आपल्या माणसाची आठवण येते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यात सोनं हाय का?"

यादी काढली. ३० खनिजं. लिथियम आहे, कोबाल्ट आहे, प्लॅटिनमच्या घराण्यातले सगळे आहेत. सोनं नाही, चांदी नाही.

"म्हंजी सायलेन्सरची माती चालती, आन् सराफाचा केर न्हाई चालत."

"तसं लिहिलेलं नाही अण्णा."

"मग कसं लिवलंय?"

मी योजनेतलं वाक्य वाचून दाखवलं. दोन वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी मलाही कमी कळलं. अण्णा म्हणाले, राहू द्या, भाच्याने आधीच नवं मशीन बघून ठेवलंय, त्याचं कोटेशन पाठवतो, तुमी इंग्रजी वाचून सांगा. व्हॉट्सॲपवर पान आलं. गुळगुळीत कागद, वर कंपनीचा शिक्का. पहिली ओळ, सोनं विरघळवायची टाकी. दुसरी, चांदी बसवायची टाकी. तिसरी, गाळणी नि पंप. चौथी, गाळातलं उरलंसुरलं सोनं धरायची पेटी, तिच्यापुढे ठळक अक्षरांत हमी. अगदी तळाशी बारीक टायपात पाचवी ओळ होती. धूर धुण्याची यंत्रणा: ऐच्छिक, दर वेगळा.

"अण्णा, ही शेवटची घ्याच."

"बघू की. चौथीवर डिस्काउंट देतोय म्हनला."